गोव्यातील पोकर मालिका खेळायला जाताना: पैशाची आखणी आणि टेबलावरचे दिवस

पोकरची एक स्पर्धा खेळणे आणि आठवडाभर चालणारी स्पर्धामालिका खेळणे यांत मोठा फरक आहे. पुण्या-मुंबईहून पणजीला जाणारे माझ्या पाहण्यातले बहुतेक नवे खेळाडू मात्र तयारी करतात ती एका स्पर्धेची. पत्ते कसे खेळायचे याचा त्यांनी पुष्कळ अभ्यास केलेला असतो. परंतु तिसऱ्या दिवशी हातात किती पैसे उरलेले असावेत, चौथ्या दिवशी किती झोप झालेली असावी आणि पाचव्या दिवशी स्पर्धेतून लवकर बाद झाल्यावर संध्याकाळी नेमके काय करायचे, याचा विचार केलेला नसतो. पणजीजवळ मांडवी नदीत नांगरलेल्या कॅसिनो जहाजांवर अनेक वर्षे अशा मालिका खेळल्यानंतर माझे ठाम मत झाले आहे की संपूर्ण मालिका ही एकच लांब स्पर्धा मानून पैसा, झोप आणि लक्ष या तिन्हींचे वाटप घरून निघण्यापूर्वीच करावे. पुढील मार्गदर्शन नो-लिमिट होल्डेम या, एका वेळी कितीही पैज लावता येणाऱ्या पोकरप्रकाराचे नियम माहीत असलेल्या, परंतु पहिल्यांदाच मालिकेला निघालेल्या वाचकासाठी आहे.

निघण्यापूर्वी कायद्याची बाजू

गोव्यातील कॅसिनोंना आधार आहे तो गोवा, दमण व दीव सार्वजनिक जुगार कायदा, 1976 याचा. 1990च्या दशकात त्यात झालेल्या दुरुस्त्यांमुळे नदीतील जहाजांवर टेबलावरचे खेळ चालवण्याची मुभा मिळाली. प्रवेशासाठी वयाची 21 वर्षे पूर्ण असावी लागतात आणि छायाचित्र असलेले मूळ ओळखपत्र दाखवावे लागते. गोव्याच्या रहिवाशांना कॅसिनोत खेळण्यास मनाई आहे, त्यामुळे तुमच्या ओळखपत्रावर गोव्याचा पत्ता असेल तर आधीच चौकशी करावी. महाराष्ट्रातही कॅसिनोविषयक कायदा 1976 सालीच झाला होता, परंतु तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्द करण्यात आला. म्हणून आपल्याकडच्या खेळाडूला पणजी गाठावीच लागते.

दुसरी बाब ऑनलाइन खेळाची. 2003 साली ख्रिस मनीमेकर या अमेरिकी लेखापालाने 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास वेगासच्या वर्ल्ड सीरिज ऑफ पोकरमध्ये जागा मिळवली आणि 838 खेळाडूंना मागे टाकून 25 लाख डॉलर जिंकले. त्यानंतर जगभर, आणि यथावकाश आपल्याकडेही, ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून मोठ्या स्पर्धेत जाण्याचा मार्ग रुळला. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि हा मार्ग बंद झाला. आता पात्रता स्पर्धा, म्हणजे सॅटेलाइट, प्रत्यक्ष जहाजावरच खेळावी लागते. म्हणून मालिकेच्या वेळापत्रकात सॅटेलाइट कोणत्या दिवशी आहेत हे सर्वांत आधी पाहावे आणि मुख्य स्पर्धेच्या किमान एक दिवस आधी पोहोचावे.

पैसा

या विभागावर मी जास्त वेळ देणार आहे, कारण मालिका बिघडते ती बहुधा इथेच. समजा, 20,000 रुपये प्रवेश शुल्काच्या आठ स्पर्धा खेळायचे तुम्ही ठरवले आहे. एकूण शुल्क झाले 1,60,000 रुपये. हा आकडा कागदावर लिहावा आणि त्याच्या शेजारी प्रवास, निवास आणि जेवणाचा खर्च वेगळा लिहावा. त्यानंतर पुन्हा प्रवेशाचा, म्हणजे री-एंट्रीचा प्रश्न येतो. बहुतेक स्पर्धांत पहिल्या काही पातळ्यांपर्यंत, म्हणजे ठरावीक मिनिटांच्या टप्प्यांपर्यंत, बाद झालेल्या खेळाडूला पुन्हा शुल्क भरून बसता येते आणि बाद झाल्याच्या क्षणी शुल्क भरण्याची खिडकी अगदी समोर असते. कोणत्या स्पर्धेत किती वेळा पुन्हा बसायचे हा निर्णय त्या खिडकीसमोर उभे राहून घेऊ नये. वेळापत्रक हातात आल्यावर घरी बसून प्रत्येक स्पर्धेपुढे शून्य, एक किंवा दोन असा आकडा लिहावा आणि तो मालिका संपेपर्यंत बदलू नये.

आता करांचा हिशेब पाहू, कारण अनेक खेळाडूंना तो बक्षीस हातात पडल्यावरच कळतो. आपल्याकडे पत्त्यांच्या खेळातील जिंकलेल्या रकमेवर 30 टक्के आयकर आणि त्यावर 4 टक्के उपकर, म्हणजे एकूण 31.2 टक्के कर लागतो. दहा हजार रुपयांपुढील बक्षिसातून आयोजक 30 टक्के रक्कम कापूनच देतात. महत्त्वाचे म्हणजे या उत्पन्नातून कोणताही खर्च वजा करता येत नाही. वरच्या उदाहरणात आठपैकी सात स्पर्धांत काहीच मिळाले नाही आणि एका स्पर्धेत 2,00,000 रुपये मिळाले, असे धरू. ऐकायला ही फायद्याची मालिका आहे, 40,000 रुपयांच्या. परंतु कर 62,400 रुपये गेला, हातात 1,37,600 रुपये राहिले आणि 1,60,000 रुपये शुल्क भरलेले असल्यामुळे प्रत्यक्षात 22,400 रुपयांचा तोटा झाला. प्रवास आणि हॉटेल यात धरलेलेच नाही. शिवाय कॅसिनोवरील वस्तू व सेवा कर सप्टेंबर 2025 पासून 28 वरून 40 टक्के झाला आहे, त्यामुळे जाहीर केलेले प्रवेश शुल्क करासहित आहे की करावेगळे, आणि त्यातली नेमकी किती रक्कम बक्षिसांच्या निधीत जाते, हे आयोजकांना स्पष्ट विचारून घ्यावे. असे विचारण्यात संकोच करू नये. जाणते खेळाडू तेच आधी विचारतात.

याच्या जोडीला नशिबाचा हिशेबही समजून घ्यावा. सहसा एकूण प्रवेशांपैकी दहा ते पंधरा टक्के जणांनाच बक्षीस मिळते. तुम्ही सरासरीपेक्षा बरेच सरस आहात आणि दर पाच स्पर्धांपैकी एकीत बक्षिसापर्यंत पोहोचता, असे मानले तरी सलग आठ स्पर्धांत रिकाम्या हाताने उठण्याची शक्यता सुमारे 17 टक्के राहते, म्हणजे अंदाजे दर सहा मालिकांमागे एक मालिका पूर्ण कोरडी जाणार. उत्तम खेळणाऱ्याचीही अशी मालिका जाते. म्हणून मालिकेसाठी वेगळी काढलेली रक्कम पूर्ण गेली तरी घरचा हप्ता, मुलांची फी आणि किराणा यांना धक्का लागणार नाही, एवढीच ती असावी. उसने घेतलेले पैसे किंवा क्रेडिट कार्डावरील रक्कम घेऊन मालिकेला जाऊ नये. या बाबतीत मी कोणताही अपवाद मान्य करत नाही.

खर्च वाटून घेण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे आपल्या खेळातील हिस्सा मित्रांना विकणे. 30 टक्के हिस्सा विकला तर शुल्काचा 30 टक्के भार त्यांच्यावर आणि बक्षिसाचा 30 टक्के वाटा त्यांचा. यात भांडणे होतात ती करावरून, कारण कर कापला जातो तो खेळाडूच्या पॅनवर. वाटा कर वजा जाता द्यायचा की करापूर्वीच्या रकमेवर, री-एंट्रीचा भार हिस्सेदारांवर पडणार की नाही आणि शेवटच्या टेबलावर बक्षिसांची वाटाघाट झाली तर ती त्यांना मान्य असेल का, हे तिन्ही मुद्दे निघण्यापूर्वी व्हॉट्सॲपवर लिहून त्यांच्याकडून होकार घेऊन ठेवावा.

कोणत्या स्पर्धा निवडाव्यात

प्रवेश शुल्क आणि जाहीर केलेला निधी एवढेच पाहून स्पर्धा निवडणे चुकीचे आहे. सुरुवातीला किती चिप्स मिळतात, ब्लाइंडची, म्हणजे पाने वाटण्यापूर्वी दोन खेळाडूंनी भरायच्या सक्तीच्या पैजेची, प्रत्येक पातळी किती मिनिटांची आहे आणि उशिरा प्रवेश कोठवर खुला आहे, हे तीन आकडे आधी पाहावेत. पूर्ण भरलेल्या टेबलावर एका तासात पंचवीस ते तीस हात, म्हणजे डाव, खेळले जातात. वीस मिनिटांच्या पातळीत म्हणजे जेमतेम आठ ते दहा हात तुमच्या वाट्याला येतात, टेबलाची एक फेरी कशीबशी पूर्ण होते आणि ब्लाइंड वाढतात. अशा स्पर्धेत कौशल्याला वाव कमी आणि पानांवर मदार जास्त. चाळीस मिनिटांच्या पातळ्या असलेली स्पर्धा थकवणारी असली तरी विचार करून खेळणाऱ्यासाठी तीच अधिक योग्य असते. माझा सल्ला असा की उपलब्ध रकमेचा मोठा भाग संथ रचनेच्या दोन-तीन स्पर्धांसाठी राखावा आणि रात्री उशिरा सुरू होणाऱ्या जलद स्पर्धा, ज्यांना टर्बो म्हणतात, त्या सरळ सोडून द्याव्यात. त्या स्पर्धा पैशाबरोबर दुसऱ्या दिवशीची झोपही घेऊन जातात.

प्रवास आणि मुक्काम

कोकण रेल्वेने गेल्यास पणजीला सर्वांत जवळचे स्थानक करमळी आहे. विमानाने जाणाऱ्यांना दाबोळी आणि मोपा असे दोन पर्याय आहेत. मुक्काम धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर घ्यावा, कारण स्पर्धेचा दिवस दुपारी सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपतो आणि त्या वेळी लांबच्या किनाऱ्यावरील हॉटेलापर्यंत टॅक्सी शोधत बसणे परवडत नाही. जहाजावर जाण्यासाठी धक्क्यावरून छोटी फेरीबोट असते, त्यामुळे नियोजित वेळेच्या पाऊण तास आधी निघावे. परतीचे तिकीट बदलता येईल असेच काढावे, कारण मुख्य स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसात तुम्ही असाल की नसाल हे कोणालाच सांगता येत नाही, आणि संध्याकाळची गाडी डोक्यात ठेवून खेळणारा माणूस बरोबर निर्णय घेऊ शकत नाही. जहाजावर खाणे-पिणे मुबलक असते. मद्य खेळ संपेपर्यंत घेऊ नये आणि जेवण हलके ठेवावे.

टेबलावरचे नियम

घरी किंवा मित्रांत खेळणाऱ्यांची सवय स्पर्धेत महागात पडते, म्हणून काही नियम पक्के करून जावेत. तोंडाने उच्चारलेली कृती बंधनकारक असते. काहीही न बोलता एकच मोठ्या किमतीची चिप पुढे टाकली, तर ती पैज वाढवणे न समजता केवळ कॉल, म्हणजे समोरच्या पैजेइतकीच पैज, समजली जाते. 400 चा ब्लाइंड असताना 5,000 ची चिप टाकून वाढवण्याचा इरादा असेल तर आधी “रेझ” म्हणून रक्कम सांगावी. चिप्स दोन-तीन हप्त्यांत पुढे सरकवू नयेत. आपल्या पानांवर एक चिप ठेवून ती राखावीत, कारण डीलरने चुकून ती ओढून घेतली तर ती परत मिळतीलच असे नाही. हात चालू असताना आयोजकांनी जाहीर केलेल्या भाषेतच बोलावे. शेजारी सदाशिव पेठेतला निघाला तरी चालू हाताबद्दल त्याच्याशी मराठीत बोलणे इतरांवर अन्याय करणारे आहे. वाद झाला तर डीलरशी हुज्जत न घालता शांतपणे फ्लोअर मॅनेजरला, म्हणजे स्पर्धेवर देखरेख करणाऱ्या अधिकाऱ्याला, बोलवावे आणि त्याचा निर्णय मानावा.

स्पर्धा पुढे सरकते तसा खेळ

सुरुवातीला 25,000 चिप्स आणि 100/200 चे, म्हणजे छोटा 100 आणि मोठा 200 असे ब्लाइंड असतील तर तुमच्याकडे 125 मोठे ब्लाइंड आहेत. या टप्प्यात घाई करण्याचे काहीच कारण नसते. छोट्या जोड्या स्वस्तात खेळाव्यात; पहिल्या तीन पानांत जोडीचे तिसरे पान येण्याची शक्यता सुमारे 12 टक्के असल्यामुळे, समोरच्याकडे तुम्ही लावलेल्या रकमेच्या किमान पंधरा-वीस पट चिप्स असतील तरच हा व्यवहार फायद्याचा ठरतो. खरे काम असते ते निरीक्षणाचे. कोण उगाच कॉल करतो, कोण मोठी पैज फक्त भक्कम पानांवर लावतो, कोण घड्याळाकडे पाहतो आहे, हे पहिल्या दोन तासांत टिपावे. मालिकेत हीच माणसे पुन्हा पुन्हा समोर येतात, आणि पहिल्या दिवशी केलेली नोंद पाचव्या दिवशी कामी येते.

मधल्या टप्प्यात ब्लाइंड वाढतात आणि आपल्या चिप्स किती फेऱ्या पुरतील हा हिशेब सतत डोक्यात ठेवावा लागतो. 1,000/2,000 चे ब्लाइंड आणि 2,000 चा अँटी, म्हणजे मोठ्या ब्लाइंडवरच्या खेळाडूने भरायची आणखी एक सक्तीची रक्कम, असेल तर एका फेरीला 5,000 चिप्स जातात. तुमच्याकडे 25,000 असतील तर कागदावर पाच फेऱ्या. प्रत्यक्षात त्याहून कमी, कारण दोन फेऱ्या होण्याआधीच पातळी बदलते. या अवस्थेत इस्पिकच्या एक्क्याची वाट पाहत बसणे म्हणजे हळूहळू बाद होणे. टेबलाच्या शेवटच्या जागांवरून, आधीच्या सर्वांनी पाने टाकलेली असताना, बऱ्यापैकी पानांवर सर्व चिप्स लावाव्यात: कोणी कॉल केला नाही तर 5,000, म्हणजे आपल्या साठ्याच्या वीस टक्के, एकही पान न उघडता मिळतात.

बक्षिसाच्या उंबरठ्यावरचा टप्पा, ज्याला बबल म्हणतात, तो मला सर्वांत अवघड आणि सर्वांत शिकवणारा वाटतो. अशाच एका संध्याकाळी दोन जण बाद झाले की उरलेल्या सर्वांना बक्षीस, अशी स्थिती होती. सर्व टेबलांवर एकेक हात एकाच वेळी खेळला जात होता, डीलर हात संपला की थांबून इतर टेबलांची वाट पाहत होते आणि सभागृहात चिप्स वाजवल्याचा आवाज तेवढा येत होता. मी मोठ्या ब्लाइंडवर होतो, माझ्याकडे पंधरा ब्लाइंड होते. बटणावरच्या, म्हणजे डीलरचे चिन्ह समोर असलेल्या, खेळाडूकडे टेबलातला सर्वांत मोठा साठा होता आणि त्याने मला पुरून उरेल एवढी पैज लावली. मी पाने उचलून पाहिली: बदामचा एक्का आणि किलवरची नव्वी. केवळ चिप्सचा विचार केला तर 31.5 ब्लाइंडच्या पॉटसाठी, म्हणजे माझी रक्कम धरून मध्ये जमणाऱ्या एकूण चिप्ससाठी, मला आणखी 14 द्यायचे होते, म्हणजे 44.4 टक्के वेळा जिंकलो तरी पुरे. आणि तो खेळाडू जवळपास निम्म्या पानांवर अशी पैज लावत असल्यामुळे माझी बाजू त्याहून वरचढ होती. परंतु पलीकडच्या टेबलांवर दोघांकडे तीन-तीन ब्लाइंडच उरले होते. मी बाद झालो असतो तर त्या दोघांच्या आधी आणि रिकाम्या हाताने. जिंकलो असतो तर चिप्स दुप्पट झाल्या असत्या, पण अपेक्षित बक्षीस दुप्पट झाले नसते. मी पाने टाकली. असे निर्णय घेण्यासाठी दर पाच मिनिटांनी जागेवरून उठून इतर टेबलांवरचे छोटे साठे डोळ्यांखालून घालावेत.

चिप्स आणि पैसे यांच्यातील हे अंतर शेवटच्या टेबलावर सर्वांत स्पष्ट दिसते, आणि वाटाघाट करताना ते आकड्यांत ठाऊक असलेच पाहिजे. तिघे उरले आहेत, एकूण चिप्सपैकी अनुक्रमे 50, 30 आणि 20 टक्के त्यांच्याकडे आहेत आणि 10 लाख रुपयांच्या उरलेल्या निधीची विभागणी 5, 3 आणि 2 लाख अशी आहे, असे समजा. आयसीएम (इंडिपेंडंट चिप मॉडेल) या, चिप्सवरून बक्षिसातला अपेक्षित वाटा काढण्याच्या, प्रचलित पद्धतीने हिशेब केला तर पहिल्याचा वाटा सुमारे 3.84 लाख, दुसऱ्याचा 3.28 लाख आणि तिसऱ्याचा 2.89 लाख येतो. निम्म्या चिप्स असणाऱ्याला निम्मा निधी मिळत नाही, आणि सर्वांत कमी चिप्स असणाऱ्याचे मूल्य त्याला स्वतःला वाटते त्याहून बरेच जास्त असते. कोणी घाईने “चिप्सच्या प्रमाणात वाटून घेऊ” असे सुचवले, तर आयोजकांकडून आयसीएमचे आकडे मागवावेत आणि ते पाहूनच होकार द्यावा.

बाद झाल्यानंतरचे तास

एक्क्यांची जोडी बादशहांच्या जोडीसमोर असताना जिंकण्याची शक्यता सुमारे 82 टक्के असते. म्हणजे अशा दर पाच-सहा प्रसंगांत एकदा तुम्ही सर्वांत चांगली पाने घेऊन बाद होणार. दर वेळी 80 टक्के बाजू आपली असली तरी असे सलग पाच प्रसंग निभावण्याची शक्यता केवळ 33 टक्के आहे. हे आधीपासून माहीत असले तरी त्या क्षणी छातीत दुखायचे ते दुखतेच, आणि जहाजाची रचना अशी असते की पोकरच्या दालनातून बाहेर पडताच रुलेट आणि बॅकरा यांची टेबले समोर येतात. पोकरमध्ये तुम्ही इतर खेळाडूंविरुद्ध खेळता. एका शून्याच्या रुलेटवर मात्र लावलेल्या प्रत्येक शंभर रुपयांमागे सरासरी 2.70 रुपये कॅसिनोकडे जातातच, आणि कितीही कौशल्य असले तरी ते बदलत नाही. दिवसभर तासन्‌तास विचार करून खेळलेली माणसे या टेबलांवर अर्ध्या तासात दोन स्पर्धांचे शुल्क घालवताना मी पाहिली आहेत. यावर उपाय साधा आहे: बाद झाल्याबरोबर पहिली फेरीबोट पकडून धक्क्यावर यावे, आणि मालिकेचे पैसे सोबत न बाळगता दिवसापुरतेच जवळ ठेवावेत. आपले खेळणे आपल्या ताब्यात राहिलेले नाही असे वाटू लागले, घरच्यांपासून आकडे लपवावेसे वाटू लागले, तर मालिका तिथेच थांबवावी. केंद्र सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

नोंदी

खोलीवर आल्यावर झोपण्यापूर्वी वहीत दोन गोष्टी लिहाव्यात. पहिली पैशाची: शुल्क, री-एंट्री, बक्षीस, कापलेला कर आणि दिवसाचा इतर खर्च. दुसरी खेळाची: दिवसातले तीन सर्वांत अवघड निर्णय, त्या वेळी प्रत्येकाकडे असलेल्या चिप्स, ब्लाइंड, बसण्याच्या जागा आणि आपण तसे का केले याचे कारण. निकाल शेवटी लिहावा, किंवा लिहूच नये, कारण निकाल वाचला की मन कारणे त्याच्याशी जुळवून घेते. घरी परतल्यावर हे हात एखाद्या जाणत्या मित्रासमोर ठेवावेत आणि त्यालाही निकाल न सांगता मत विचारावे.

बक्षीस मिळाले असेल तर आयोजकांकडून करकपातीचे प्रमाणपत्र मागून घ्यावे, ती रक्कम आयकर विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या पॅनपुढे दिसते आहे याची खात्री करावी आणि विवरणपत्रात हे उत्पन्न वेगळे दाखवावे. पुढच्या मालिकेचे वेळापत्रक आले की ही वही उघडावी, आणि मागच्या वेळी ज्या स्पर्धांपुढे आकडा पाळला गेला नव्हता त्या यादीतून आधी खोडाव्यात.